माडाचा पट्टा : रचना, वापर आणि न-वापर

माडावर चढण्याचा सुरक्षा पट्टा म्हणजे कमरेला आवळायची जाड विणीची रुंद पट्टी. तिच्या दोन्ही कुशींना पोलादी कड्या शिवलेल्या असतात. एका कडीतून निघालेला दोर खोडाला वळसा घालून दुसऱ्या कडीत अडकतो आणि एवढ्यावर रचना संपते. पट्टा वापरायला सकाळच्या एका शिकवणीत शिकता येते. न वापरण्याची कारणे मात्र कित्येक पिढ्यांनी जमवलेली आहेत आणि ती पट्ट्याहून पुष्कळच मजबूत निघाली आहेत.

पट्ट्याची गरज माडाच्या स्वभावातून येते. आंब्यावर किंवा फणसावर चढणाऱ्याला फांद्या असतात. वरच्या फांदीवरून दोर टाकता येतो, मधल्या फांदीवर बसून विडी ओढता येते आणि घसरलाच तर खालची फांदी निदान विचार करायला उसंत देते. माडाला फांदीच नाही. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पंधरा-वीस मीटरचा खांब आणि वर तीसेक झावळ्यांचा झुबका. दोर टाकायला वर काही नाही, टेकायला मध्ये काही नाही आणि पडताना धरायला तर काहीच नाही. फांद्या नाहीत म्हणून हे झाडच नव्हे, असा युक्तिवाद गोव्यात झाला आणि २०१६ साली कायद्यात दुरुस्ती करून माडाला वृक्षांच्या व्याख्येतून वगळण्यात आले. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने त्याला पुन्हा झाडांत घेतले, वर राज्यवृक्षाचा मानही दिला. मधल्या काळात माडावरून पडणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने झाडावरून पडत नव्हता, इतकीच त्याची सोय झाली.

पट्टा बांधण्याची जागा म्हणजे कंबर. हे सांगावे लागते, कारण प्रत्यक्षात तो छातीखाली, पोटाच्या घेराखाली आणि लुंगीच्या गाठीवर अशा तिन्ही ठिकाणी आढळतो. लुंगीच्या गाठीवर बांधलेला पट्टा माणसाला धरतो की लुंगीला, याचा उलगडा ऐन वेळी होतो आणि तेव्हा खाली माणसे जमलेली असतात. पट्टा नीट बसला की पाय खोडाला टेकून, गुडघे किंचित वाकवून अंग मागे झोकायचे. दोर ताणला जातो, तळवे खोडात रुततात आणि दोन्ही हात कोयत्यासाठी मोकळे होतात. वर सरकताना अंग क्षणभर खोडाकडे आणून दोर सैल करायचा, झटक्याने हातभर वर फेकायचा आणि पुन्हा मागे झोकायचे. झाड कललेले असेल तर चढायचे ते पाठीच्या अंगाने, पोटाच्या अंगाने नव्हे.

यातले कठीण काम मागे झोकण्याचे. पंधरा मीटर उंचीवर भ्यालेला माणूस खोडाला मिठी मारतो. मिठी मारली की दोर ढिला पडतो आणि पट्टा निव्वळ दागिना होऊन कमरेवर राहतो. ज्या वस्तूवर विश्वास टाकला तरच ती कामाची, तिच्यावर विश्वास कधी टाकायचा, तर जमीन सुटल्यावर! म्हणून शिकाऊ माणसाला आधी जमिनीपासून हातभर उंचीवर लटकायला लावतात. तिथे सगळेच उत्तीर्ण होतात.

साध्या पट्ट्यात दोन दोष आहेत. पहिला असा की दोर खोडाभोवती नुसता वळसा घालतो. दोन्ही पाय एकदम सुटले, तर पट्टा खोड सोडत नाही आणि माणूसही सोडत नाही. तो दोघांनाही इमानाने धरून खालपर्यंत घसरत येतो. यावर इलाज म्हणजे दोराला खोडाभोवती दोन वेढे द्यायचे किंवा वजन येताच आवळणारा फास करायचा. असा फास जागच्या जागी थांबवतो, पण वर सरकवताना दर वेळी हाताने सोडवावा लागतो, आणि घाईच्या माणसाला घसरण्यापेक्षा हे सोडवणे जास्त जाचते. दुसरा दोष शेंड्यापाशी कळतो. खोड संपून झावळ्या सुरू झाल्या की दोर पुढे जात नाही, आणि नारळ तर त्याच्या वरच्या अंगाला. शास्त्र सांगते की दोन दोर असावेत आणि दुसरा वरच्या बाजूला अडकवून झाल्यावरच पहिला सोडावा. व्यवहारात दोर एकच असतो. माणूस सगळी चढण पट्टा लावून सुखरूप चढतो आणि जिथे उंची सर्वांत जास्त, आधार सर्वांत कमी आणि हातात धारदार कोयता, नेमक्या त्याच जागी पट्टा सोडून मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कमरेचा पट्टा माणसाला जागेवर धरून ठेवायला असतो, खाली येणाऱ्याला झेलायला नसतो. झेलण्याच्या कामासाठी खांदे, छाती आणि मांड्या बांधणारा पूर्ण हार्नेस लागतो. आयएस ३५२१ हे भारतीय मानक अशाच पट्ट्या-हार्नेसांसाठी आहे. एकट्या कमरेवर झेललेला माणूस जमिनीवर आपटत नाही, पण त्याच्या मणक्याला हा उपकार आयुष्यभर आठवत राहतो.

हा वापर आणि न-वापर शेजारी शेजारी पाहायचा तर कोवलमला जावे. इथे अभिप्रेत असलेले कोवलम केरळातले नव्हे. चेन्नईहून पुदुच्चेरीच्या दिशेने ईस्ट कोस्ट रोडने निघाले की शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर लागणारे, मच्छीमारांचे, दर्ग्याचे, चर्चचे आणि आता रिसॉर्टांचे गाव ते हे. दोन्ही कोवलमांना समुद्र आणि माड असल्यामुळे नातेवाइकांना पाठवलेल्या फोटोंत फरक पडत नाही. उंची आणि भीती यांच्या इतिहासात या गावाला स्थान आहे. १७५२ साली इथला किल्ला फ्रेंचांकडून घ्यायला रॉबर्ट क्लाइव्ह नवशिके इंग्रज शिपाई घेऊन आला. किल्ल्यातून आलेल्या गोळीने एक जण पडताच बाकीच्यांनी पाठ फिरवून धूम ठोकली. याच मोहिमेत तोफेच्या आवाजाने घाबरलेला एक पहारेकरी काही तासांनी विहिरीच्या तळाशी सापडला, असे इतिहासकार मेकॉलेने लिहून ठेवले आहे. किल्ला शेवटी पडला. सांगायचे इतकेच, की घाबरलेला माणूस सहसा खालची वाट धरतो. वर जाण्याचा धंदा करणाऱ्यांची जातकुळी मुळातच वेगळी.

त्या किल्ल्याच्या जागेवर १९७४ पासून ताज समूहाचे हॉटेल आहे. आजच्या कोवलमची ख्याती मात्र लाटांवर फळी घेऊन उभे राहणाऱ्यांमुळे आहे. २०१३ पासून इथे सर्फिंगचा महोत्सव भरू लागला आणि २०२१ मध्ये किनाऱ्याला ब्लू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. त्याच्या अटींत स्वच्छतेबरोबर जीवरक्षकांची व्यवस्थाही येते. त्यामुळे सुरक्षिततेच्या अभ्यासकाला एकाच वाळूवर दोन नमुने शेजारी शेजारी मिळतात. लाटेवर जाणारा तरुण घोट्याला दोर बांधतो. त्याचे दुसरे टोक फळीला असते. तो पडला तर पाण्यात पडणार असतो, तरी हा दोर न बांधता त्याला शिक्षक पाण्यात पाऊल टाकू देत नाही. पन्नास पावलांवर माडावर चढणाऱ्याच्याही घोट्यांना दोरच असतो. दोन्ही पाय जोडणारा फेरा, जो खोडाला घट्ट धरून तळव्यांना पकड देतो. तो मात्र पडला तर जमिनीवर पडणार असतो आणि त्याच्या दोराचे दुसरे टोक दुसऱ्या पायालाच असते. पहिल्याच्या दोराला आयात माल म्हणून किंमत पडते, त्याचा रंग फळीशी जुळवून घेतात. दुसऱ्याचा फेरा घरचा, फुकटचा आणि शेकडो वर्षांच्या कसोटीला उतरलेला. जे उतरले नाहीत ते आपली तक्रार सांगायला आले नाहीत, हेही त्या कसोटीत धरायला हवे.

चढणारा पट्टा का वापरत नाही, याचे पहिले उत्तर हिशेबात आहे. मजुरी झाडामागे ठरते, तासामागे नाही आणि सुरक्षिततेमागे तर नाहीच. दिवसाला तीस झाडे करणाऱ्याने पट्टा बांधणे, सरकवणे, सोडवणे यात झाडामागे तीन मिनिटे घालवली, तर संध्याकाळपर्यंत दीड तास जातो. दीड तासात चार-पाच झाडे होतात. या चार-पाच झाडांचे पैसे कोण देणार, हा प्रश्न एकाही माहितीपत्रकात छापलेला नसतो. दुसरे उत्तर प्रतिष्ठेचे. लहानपणापासून माडावर चढणाऱ्याला पट्टा देणे म्हणजे मुरलेल्या आचाऱ्याच्या हातात मोजमापाचा चमचा देणे. तो नाही म्हणत नाही. घेतो, हसतो आणि मोटरसायकलच्या कॅरियरला शहाळ्यांचा घोस बांधायला वापरतो. त्या कामात पट्ट्याचा दर्जा वादातीत आहे. आजवर एकही शहाळे पडलेले नाही.

मालकाची भूमिका यात वेगळी असते. कोकणातला आगरवाला असो की कोवलमच्या रिसॉर्टचा व्यवस्थापक असो, तो सुरक्षिततेच्या बाजूचाच असतो आणि ती बाजू तो खालून मांडतो. कोकणात ती “अरे, जपून रे, हळू!” अशी मांडली जाते आणि तिच्या लगोलग “तो पलीकडचाही घेऊन टाक, आता वर आहेसच तर” हे पुरवणी कलम येते. पलीकडचा म्हणजे दुसरा माड. वर आहे तो पहिल्यावर. मध्ये वीस मीटर उतरणे आणि वीस मीटर चढणे आहे, ही बाब खालून दिसत नाही. माडीसाठी रोज चढणाऱ्यांनी यावर आपल्यापुरता तोडगा केव्हाच काढला होता. कुठे खोडावर खाचा पाडलेल्या असतात, कुठे सोडणे बांधून पायऱ्या केलेल्या असतात. सोडणाची पायरी कुजली की बदलता येते. खाच मात्र जन्माची, कारण माडाच्या खोडाला आंब्यासारखी जखम भरून काढता येत नाही. टोकदार खिळ्यांचे बूट घालून माडावर चढू नये, ते याच कारणाने.

प्रेक्षक हा या क्रियेचा अविभाज्य भाग आहे. माडावर माणूस चढला की खाली वर्तुळ तयार होते, आणि ते नेमके नारळ पडण्याच्या जागेभोवती तयार होते. कोवलमला सहलीला आलेले मराठी कुटुंब या वर्तुळात हमखास असते. “अहो, त्याला म्हणावं खाली बघू नकोस,” असे बाई म्हणतात. “अगं, त्याला मराठी येतं का?” असे साहेब म्हणतात आणि मग दोघेही ते हिंदीत ओरडून सांगतात. तो वरून तमिळमध्ये काही ओरडतो. त्याचा अर्थ “बाजूला व्हा” असा असतो, हे घोस खाली आल्यावर समजते. वीस मीटरवरून सुटलेला नारळ दोन सेकंदांत जमिनीवर येतो आणि येतो तो ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगाने. “काय म्हणतोय तो?” या प्रश्नाला साधारण तेवढाच वेळ लागतो.

पट्टा वरच्याला आहे, खालच्याला काहीच नाही, ही उणीव विज्ञानाच्या नजरेतून सुटलेली नाही. पीटर बार्स या डॉक्टरांनी पापुआ न्यू गिनीतल्या एका रुग्णालयात नारळ डोक्यात पडून आलेल्या रुग्णांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध केला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा इग नोबेल पुरस्कार त्यांना २००१ मध्ये मिळाला. जगात नारळ पडून वर्षाला दीडशे माणसे मरतात, असा आकडा पुढे सगळीकडे फिरला. त्याला कसलाही आधार नाही, पण आकडा गोल आणि नारळासारखाच टणक असल्याने फुटत नाही. मुंबईने यावर सर्वांत खात्रीचा उपाय केला. नोव्हेंबर २०१० मध्ये बराक ओबामा मणिभवनाला भेट देणार होते, तेव्हा आवारातल्या माडांवरचे नारळ आधीच उतरवून ठेवले गेले. जगातल्या सर्वांत कडेकोट बंदोबस्तातल्या माणसासाठीही कोणीतरी आधी वर चढलेच. किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांतही हीच रीत. तिथल्या माडांवर नारळ दिसत नाहीत आणि पाहुणा विचारतो, ही जात वांझ आहे का?

शेंड्यावर पोचल्यावर पट्ट्याचा एक वेगळाच गुण प्रकट होतो. झावळ्यांच्या बेचक्यांत लाल मुंग्या असतात, उंदीर असतात, कधी गांधीलमाश्यांचे पोळे असते, आणि माडीचे मडके लावलेले असेल तर ते आधीच चाखून गेलेल्या उदमांजराच्या खुणाही असतात. या मंडळींची पूर्वसूचना न घेता माणूस वर जातो. पट्टा पडू देत नाही, ते ठीक. पण पळूही देत नाही. गांधीलमाशीच्या पोळ्यापासून अडीच फुटांवर, दोन्ही बाजूंनी अडकवलेल्या अवस्थेत पक्की कडी सोडवायची कशी, याचा सराव प्रशिक्षणात करून घेत नाहीत. घ्यायला हवा. आणि तरी वर जाणे टळत नाही, कारण नारळाबरोबर शेंड्याची साफसफाई आणि गेंड्या भुंग्याचा तपासही तोच माणूस करतो. खालून पाहणाऱ्याला भुंगा दिसतो तो शेंडा वाळल्यावर.

पोफळीच्या बागेत पट्ट्याचा प्रश्न आणखी अवघड होतो. पोफळ बारीक आणि लवचिक. कसबी माणूस एका पोफळीवर चढतो, शेंड्याला झोका देऊन शेजारची पोफळ पकडतो आणि तिच्यावर जातो. असा तो खाली न उतरता कितीतरी झाडे आटोपतो. अशा माणसाला पट्टा बांधला तर एक हात नव्या पोफळीवर आणि कंबर जुन्या पोफळीवर, अशी अवस्था येते. दोन्ही पोफळी आपापल्या जागी परत जायला बघतात.

सरकारने या प्रकरणात लक्ष घातले ते माणसे मिळेनाशी झाली तेव्हा. चढणाऱ्यांची मुले शिकली, आखातात गेली, रिक्षा चालवू लागली, आणि नारळ झाडावरच सुकू लागले. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘नारळवृक्षाचे मित्र’ अशा अर्थाच्या नावाने प्रशिक्षण सुरू केले. सहा दिवसांचा वर्ग, शेवटी चढण्याचे यंत्र आणि वर अपघात विमा. केरळात बायकाही मोठ्या संख्येने शिकल्या आणि पिढीजात पुरुषांना जे कमीपणाचे वाटत होते ते यंत्र त्यांनी बिनतक्रार वापरले. या यंत्रांत सर्वांत गाजले ते कण्णूर जिल्ह्यातल्या चेंपेरीचे. तिथल्या एका शेतकऱ्याने ते घडवले. एका पायाला एक अशा दोन लोखंडी चौकटी, प्रत्येकीचा तारदोर खोडाभोवती. वजन पडले की तार आवळते, उचलले की सुटते, म्हणजे माणूस जिना चढावा तसा माड चढतो. यंत्र पाय पक्के धरते, पण हात सुटले तर धडाला धरणारे कोणी नाही, म्हणून यंत्रावरही पुन्हा पट्टा हवाच. कोइंबतूरकडे बसून चढण्याचा प्रकारही निघाला, त्यात खोगिरावर बसायचे आणि सुरवंटासारखे आकसत-पसरत वर जायचे. यंत्र जड असते. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत ते खांद्यावरून न्यावे लागते, आणि यंत्राविना चढणाऱ्या पिढीजात गड्याने तेवढ्यात पुढचे झाड उरकलेले असते.

पट्ट्याची गरजच संपवणारे दोन उपाय जगात आहेत. पहिला थायलंडचा. तिथे काही भागांत माकडांकडून नारळ काढून घेतात. माकडाच्या गळ्यातही दोर असतो, पण त्याचे दुसरे टोक मालकाच्या हातात असते. पडण्याशी त्याचा संबंध नाही, पळण्याशी आहे. त्यावरून पुढे इतका गदारोळ झाला की इंग्लंडच्या काही दुकानांनी तिथले नारळाचे दूध काढून टाकले. दुसरा उपाय यंत्रमानवाचा. अमृता विद्यापीठाच्या ‘अमरन’ने चाकांचे कडे खोडाला लावून वर जाऊन नारळ पाडून दाखवले. त्याला पट्टा लागत नाही, विमा लागत नाही, भीती वाटत नाही. वेळ मात्र माणसाच्या जवळपास दुप्पट लागतो. झाडामागे मजुरी घ्यायची म्हटले तर त्याचे पोट भरणार नाही.

पावसाची सूचनाही इथेच नोंदवायला हवी. ओल्या, शेवाळलेल्या खोडावर चढू नये, असे सर्व पुस्तके सांगतात. चेन्नईकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, तेव्हा कोवलमच्या माणसाला ही सूचना पाळणे अगदीच अशक्य नाही. कोकणात पाऊस जून ते सप्टेंबर, आणि नारळी पौर्णिमा, गौरी-गणपती हे नारळाचे सगळे बाजारभाव त्याच्या पोटात. पुस्तके कोकणात लिहिली गेली नसावीत.

राहता राहिली पट्ट्याची निगा. समुद्राच्या वाऱ्याने कड्या गंजतात, उन्हाने दोराचे धागे कडक होतात, आणि कोयत्याचा ओझरता घाव शिवणीवर बसला तर तो बाहेरून दिसत नाही. दर वेळी चढण्यापूर्वी शिवण, कडी आणि हुक हाताने तपासावेत, खारे वारे लागलेला पट्टा गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावा, आणि एकदा झटका खाल्लेला दोर पुन्हा वापरू नये. निकामी झालेला पट्टा टाकून देताना आडवा कापून टाकावा, म्हणजे दुसरा कोणी तो चढायला वापरणार नाही. हा शेवटचा नियम अनावश्यक मानला जातो, आणि बहुतेक गावांत त्यात तथ्यही आहे. निकामी पट्टे चढायला कोणीच वापरत नाही. त्यांनी म्हशी बांधतात, पंप विहिरीत सोडतात आणि पोरांना आंब्याच्या फांदीला झोपाळा करून देतात.